सिद्धूनं वाफ सोडली

कुशाबाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. पत्र डिसेंबर त्र्याण्णवचं. निळं आंतरदेशीय, आत शाळकरी अक्षर, प्रत्येक ओळ उजवीकडं जाता जाता खाली घसरलेली. सांगणारी पळसदेवजवळच्या एका वस्तीवरची म्हातारी कुशाबाई, लिहून देणारी तिची सातवीतली नात छकुली. छकुलीनं आजीचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते, ते सुधारायचा आगाऊपणा केला नव्हता. तेवढा गुण माझ्यात असता तर हे पत्र मला आलंच नसतं.

‘किताबवाल्या मास्तरास कुशाबाईचा नमस्कार. तुमी लोखंडी मेंढ्याचं पुस्तक लिवलं ते आमच्या बिरोबाच्या जत्रंत ओवीत गात्यात. त्यात सिद्धू फितूर हाय. सिद्धू माझ्या सासऱ्याचा आजा. त्यानं फितुरी केली न्हाय, मानसं वाचवली. म्हनून तवापास्नं जत्रंत ढोलावर पयली थाप आमच्या घरची. पुस्तक आलं आन् थाप गेली. माझा ल्योक आता ढोलाकडं बघत न्हाय. हे खोटं हाय असं लिवून द्या. मी हाय तवर द्या.’

मी कधी मास्तर नव्हतो. बारामतीतल्या एका लहानशा वाचनालयात तीस वर्षं पुस्तकं दिली आणि परत घेतली, एवढीच माझी विद्वत्ता. पण त्या पत्रातलं पहिलं वाक्य मी वीसएक वेळा वाचलं असेल. ओवीत गातात! पाचशे प्रती छापलेल्या त्या कादंबरीचं एकही परीक्षण आलं नव्हतं, एकाही ओळखीच्या माणसानं ती पुरी वाचली नव्हती, आणि इंदापूर तालुक्यात कुणीतरी ती देवापुढं गात होतं. उरलेलं पत्र मी एकदाच वाचलं, तेही भराभर. मग घडी करून शब्दकोशात ठेवून दिलं. उत्तराचे चार मसुदे केले. एक फार मोठा झाला, एक फार नम्र झाला, उरलेल्या दोहोंत खरं काय ते आलंच नाही. मग राहून गेलं. ‘राहून गेलं’ असं म्हणणारी माणसं मला फार ओळखीची आहेत. ती सगळी आरशात राहतात.

कादंबरीचं नाव ‘लोखंडी मेंढा’. तरुणपणी वाचनालयात जुन्या इंग्रजी साहसकथांचा एक गठ्ठा आला होता. त्यात वाफेवर चालणारी विमानं, वाफेचे हत्ती आणि समुद्राखालची कारखान्याएवढी जहाजं असत. खऱ्या राजांना आणि खऱ्या लढायांना ही यंत्रं जोडायची आणि इतिहासाची गाडी भलत्याच रुळावर न्यायची, असा तो खेळ. मला वाटलं, आपल्याकडं का नको? अठराशे सत्त्याहत्तरचा दुष्काळ आपल्याकडं होताच. नीरेच्या कालव्याचं काम होतं, खडी फोडणारी उपाशी माणसं होती. टाचणं काढायला मला दहा वर्षं लागली आणि ती चोख होती. मग त्यात मी मल्हार नावाचा मेंढका घातला. तो सरकारी कामावरचं भंगार पळवून दोन मजली लोखंडी मेंढा बनवतो. त्याच्या पोटात बॉयलर, नाकपुड्यांतून धूर, शिंगांनी तो गोऱ्यांच्या छावण्यांच्या भिंती पाडत पुण्याकडं निघतो. प्रस्तावनेत मी ऐटीत लिहिलं होतं, ‘या कथेत ऐंशी टक्के इतिहास आणि वीस टक्के कल्पना आहे.’ आमच्या भागात डेअरीवर दूध घालणारा दुधात पाणी घालतो, पण निदान त्या पाण्यावर प्रस्तावना लिहीत नाही.

शेवटाआधी मेंढा थांबायला हवा होता. पुण्यापर्यंत पोचला असता तर पुढचा सगळा इतिहास मला नव्यानं लिहावा लागला असता, आणि तेवढी माझी छाती नव्हती. मेंढा थांबवायचा तर फितूर हवा. फितुराशिवाय आपल्याकडं एकही पराभव पुरा होत नाही. आणि माझ्या वहीत वाफ सोडणारा एक माणूस तयार होता.

तो मला कऱ्हाटीच्या आमच्या शेतात मिळाला होता. खतासाठी आम्ही दरवर्षी रानात मेंढरं बसवायचो. पळसदेवकडचा एक म्हातारा कळप घेऊन यायचा. एकदा दुपारी बाभळीखाली बसून त्यानं मला आपल्या आजाची गोष्ट सांगितली. आजा सिद्धू दुष्काळात कालव्यावर लागला. तिथं पाणी उपसायचं वाफेचं इंजिन होतं आणि त्याच्या भट्टीत लाकडं टाकायचं काम सिद्धूकडं होतं. मोठा साहेब बघायला यायचा म्हणून धाकट्या साहेबानं इंजिन नको तेवढं ताणलं. दाबाचा काटा शेवटाला टेकला, बॉयलर हुंकार द्यायला लागला, आणि त्याच्याच सावलीला चाळीस माणसं बायकापोरांसकट भाकरी खात बसली होती. सिद्धूनं कुणाला विचारलं नाही. भट्टीतला इस्तू बाहेर ओढला आणि तोटी उघडून वाफ सोडली. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. इंजिन मोठ्या साहेबाच्या डोळ्यांदेखत बंद पडलं. सिद्धूला फटके मारून कामावरून हाकललं. दुष्काळात कामावरून हाकलणं म्हणजे काय, ते म्हाताऱ्यानं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वाचलेली माणसं त्याच्याच वस्तीची होती. त्यांनी पुढं त्याच्या घराला ढोलाची पहिली थाप दिली.

हे सगळं वहीत होतं. मी त्यातून भट्टी घेतली, तोटी घेतली, वाफ घेतली आणि चाळीस माणसं तेवढी गाळली. नावसुद्धा बदललं नाही. सिद्धू हे नाव कानाला बरं वाटलं, एवढंच कारण. खोट्या मल्हाराला शूर केलं आणि खऱ्या सिद्धूला फितूर, आणि त्याला मी कल्पनाशक्ती म्हणालो.

उत्तर न देता तीन वर्षं चांगली गेली. मग सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत कुंडलिक घरी आला. कुंडलिक म्हणजे माझा प्रकाशक. त्याचा छापखाना लग्नपत्रिका आणि पिठाच्या गिरण्यांची हँडबिलं छापतो. माझी कादंबरी त्यानं दोन लग्नसराईंच्या मधल्या रिकाम्या महिन्यात छापली होती. त्याच्यामागून पांढऱ्या कपड्यांतले एक भरदार गृहस्थ आत आले आणि माझ्या एकुलत्या एका खुर्चीत बसले.

“तात्या, हे पणदऱ्याचे झुंबरराव,” कुंडलिक म्हणाला. “मल्हाररावांचे पणतू.”

“कुठल्या मल्हाररावांचे?”

“आता काय म्हणावं! तुमच्याच. मेंढावाल्या.”

मी कुंडलिककडं बघत राहिलो. तो माझ्याकडं बघत नव्हता.

झुंबररावांनी पिशवीतून एक वंशावळ काढली. कोऱ्या कागदावर, चहाच्या पाण्यानं जुनी केलेली. वरती ‘मल्हार (लोखंडी मेंढाकार)’ असं ठसठशीत. “आमच्या घरात म्हाइती हुतीच,” ते म्हणाले, “पर पुरावा न्हवता. तुमी पुरावा लिवला. बरं, एक सांगा तात्या, मेंढा लोखंडी हुता का पोलादी? न्हाय, आमच्या मळ्यात एक चाक घावलंय.”

“कसलं चाक?”

“मेंढ्याच्या मागल्या पायाचं. दातं हायती त्याला.”

ते चाक मी पुढं पाहिलं. जुन्या गुऱ्हाळातल्या चरकाचं दातेरी चाक होतं. त्याला भंडारा लावून हार घातला होता आणि येणारेजाणारे पाया पडत होते.

“मल्हार मी रचला आहे हो,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

झुंबरराव मोठ्यानं हसले. “तात्या, तुमी लाजाळू मानूस. आवो, रचलेला मानूस पनतू कसा घालंल? मी हितं बसलोय का न्हाय?”

  खुर्ची तर भरलेली होती.

बेत असा होता: दुसरी आवृत्ती काढायची, मलपृष्ठावर झुंबररावांचा फोटो आणि मुखपृष्ठावर ‘सत्य घटनेवर आधारित’. चैत्रातल्या जत्रेत कुशाबाईंच्या वस्तीवर पहिली थाप झुंबररावांनी मारायची, आणि पुस्तक छापून आलं की तो मान फरशीवर कोरून कायमचा त्यांच्या घराला द्यायचा. वस्तीचे पंच छापील अक्षराला मानतात, असं कुंडलिक म्हणाला. मला पाहुणा म्हणून न्यायचं होतं.

“आणि सिद्धूच्या घरचे?” मी विचारलं.

“फितुराला कसला मान?” झुंबरराव म्हणाले. “तुमीच लिवलंय की.”

मी नाही म्हणालो नाही. हो तरी कुठं म्हणालो, अशी पुढं महिनाभर स्वतःची समजूत घालत राहिलो.

जत्रेला आम्ही झुंबररावांच्या जीपमधून भिगवणवरून गेलो. उजनीचं पाणी उतरलं होतं, बुडालेल्या देवळाचं शिखर वर आलं होतं आणि कोळी त्याच्याच कडेनं जाळी टाकत होते. वस्तीवर मंडप होता. झुंबररावांना फेटा बांधला, मलाही बांधला; माझा कानांवर उतरला. मग झुंबररावांनी ढोलावर पहिली थाप मारली. दार ठोठावल्यासारखी. पोरं हसली, जाणत्यांनी त्यांना दटावलं आणि गजी नाचणारे त्या आवाजाला कुठं पाऊल टाकायचं ते न समजून क्षणभर उभेच राहिले.

नंतर म्हाकूआबा उठले. म्हाकूआबा तिथले ओव्या म्हणणारे, सत्तरीचे, एक अक्षर न वाचणारे. कुणीतरी माझी कादंबरी त्यांना दोन पावसाळे वाचून दाखवली होती आणि त्यांनी ती सगळी डोक्यात ठेवली होती. सुंबरान मांडून, आधी देवाला आळवून, त्यांनी आवाज लावला. दुष्काळ आला, कालवा आला, मल्हार आला. माझी रखडलेली वाक्यं त्या गळ्यात अशी चालायला लागली की माझ्या अंगावर काटा आला. हे लिहून ठेवलंच पाहिजे: काटा आला, आणि तो आनंदाचा होता.

‘इस्तू वढला सिद्धूनं, वाफ सोडली वाऱ्यावर,
लोखंडाचा मेंढा बसला छावणीच्या दारावर.’

सगळा मंडप एका सुरात ‘अरारारा’ म्हणाला. सवयीचं असावं. तेवढ्यात मला मंडपाबाहेर लिंबाखाली एक म्हातारी दिसली. ती गाणाऱ्याकडं पाठ करून बसली होती. तिच्याशेजारी पन्नाशीचा एक माणूस चातीवर लोकर कातत होता. ढोल, नाच, ओवी, कशाकडं म्हणून त्यानं मान वळवली नाही. चाती तेवढी फिरत होती. मी ओळख करून न घेताच दोघांना ओळखलं.

म्हाकूआबा चहाला बसले तेव्हा मी त्यांच्यापाशी गेलो. “आबा, ती सिद्धूची ओवी काढून टाका. ते खोटं आहे. मी रचलंय.”

“तुमी कोन?”

“पुस्तक लिहिणारा.”

त्यांनी बशी खाली ठेवली. “मंग रचलं तवा का न्हाय सांगितलं?”

“कादंबरी होती. कादंबरीत असं चालतं.”

“चालत आसंल तुमच्याकडं. मी देवाफुडं म्हटलंय, सात वरसं. देवाफुडं म्हटलेलं आसं चा पीत पीत मोडत न्हाय.” आवाजात राग नव्हता, मोटारीची दुरुस्ती सांगावी तसं ते सांगत होते. “ज्यानं ओवी दिली त्यानं भंडारा उचलून, आण घेऊन ती मागं घ्यायची. तुमची ओवी लिवून आली हुती, तवा लिवूनच परत जाऊ द्या. कागद पंचांत वाचायचा, संगं तुमचा भंडारा. मंग मी देवाफुडं मोडतो. तोंडी न्हाय चालायचं. तोंडानं काय, आत्ता झुंबरराव आले तर तुमी त्यांच्यासारखं बोलाल.”

माणूस निरक्षर होता, पण मला त्यानं चांगलंच वाचलं. त्यांनी चिमूटभर भंडारा माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी मूठ स्वतः मिटली.

मूठ तशीच धरून मी लिंबाखाली गेलो. सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी म्हातारीला पाणी देत होती. मी माझं नाव सांगितलं.

कुशाबाईनं मला फेट्यापासून चपलेपर्यंत पाहिलं. “ह्यो? आगं बया! पुस्तकातला मेंढा दोन मजली, आन् लिवनारं शेरडाएवढं!”

कातणारा लेक पहिल्यांदाच हसला, पण वर न बघता.

“माझं पत्र घावलं हुतं का?” तिनं विचारलं.

“मिळालं होतं.”

“कवा?”

“तेव्हाच. चार दिवसांत.”

कुशाबाई नातीकडं वळली. “छकुले, तुझा पत्त्या बराबर हुता म्हन.” मग माझ्याकडं: “तीन वरसं हिला बोल लावतीया मी. पत्त्या चुकवलास, गावाचं नाव चुकवलंस, तिकीट निसटं लावलंस. पोरगी रडली बी एकदा. मानूस पत्र वाचून गप बसंल, हे काय माझ्या डोस्क्यात आलं न्हाय.”

“मी म्हणत होते आजी,” छकुली म्हणाली. एवढंच. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, आणि त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, “तुमच्या सासऱ्यांनीच मला गोष्ट सांगितली होती. कऱ्हाटीला. मला ती पाठ आहे.”

“पाठ हाय? मंग उलटी कशी लिवली?” कुशाबाई म्हणाली. “त्येंनी तुमच्यात मेंढरं बसवली. लेंड्या ठिवून गेले, त्यातनं पीक आलं आसंल. आन् तुमी त्येंच्या तोंडाला काळं फासलं. लिवनार का आता?”

“लिहितो.”

“बघू,” ती म्हणाली आणि पुन्हा पाठ फिरवली.

परतीच्या जीपमध्ये मी उजवी मूठ मांडीवर धरून बसलो होतो. कुंडलिकनं विचारलं, “हाताला काय झालं?” मी म्हणालो, “मला पत्र लिहायचंय. मल्हार नव्हता आणि सिद्धू होता, असं.” पुढं बसलेल्या झुंबररावांनी मान वळवली नाही, पण त्यांचा फेटा ताठ झाला.

“तात्या,” कुंडलिक हळू आवाजात म्हणाला, “उभ्या आयुष्यात एक पुस्तक लिहिलंत. ते लोक गातायत. भल्याभल्यांचं गात नाहीत. तुम्ही स्वतःच्या हातानं ते खोटं म्हणणार? मग तुमचं राहिलं काय?”

त्यानं नेमकी जागा दाबली. मला मूलबाळ नाही. मल्हार माझा होता. त्याचा मेंढा भिंतीवर शिंगं आपटायचा तेव्हा माझ्या टेबलावरचा दिवा हलल्यासारखं मला वाटायचं. ते सगळं एका कागदानं पुसायचं होतं, आणि पुसून मिळणार काय, तर एका परक्या माणसाला ढोलावर एक थाप. मी चिडलो. स्वतःवर की त्या म्हातारीवर, ते भिगवण मागं पडेपर्यंत ठरत नव्हतं. मग तळहाताला घाम सुटला आणि बोटांच्या फटींतून पिवळं पाणी धोतरावर उतरलं. कागदच हवा होता त्यांना. माझ्यासारख्या माणसाला याहून सोपी शिक्षा कुणी दिली नसती. मंडपात उभं राहून बोलायला सांगितलं असतं तर मी मेलो असतो. लिहायला सांगत होते, आणि तेही मला तीन वर्षं जमलं नव्हतं.

घरी आल्यावर भंडारा बशीत काढून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायला बसलो. पाचवा मसुदा. तो हा:

‘सौ. छकुली यांस’ असं आधी लिहिलं आणि खोडलं. तिचं लग्न झालेलं नाही. सुरुवातीलाच चूक. तरी कागद बदलला नाही, कारण कागद बदलला की मी थांबतो.

‘चि. छकुलीस आशीर्वाद. हे पत्र पंचांत वाचून दाखव. तुझा पत्ता बरोबर होता. तुझं पत्र मला चार दिवसांत मिळालं होतं आणि मी उत्तर दिलं नाही.

मी, सावळाराम, ‘लोखंडी मेंढा’ या पुस्तकाचा लेखक, बिरोबाचा भंडारा उचलून लिहून देतो की मल्हार नावाचा माणूस मी मनानं रचला. त्याला आजा, पणजा, पणतू कुणी नाही. लोखंडाचा मेंढा कधी चालला नाही. सिद्धू खरा होता. त्यानं कालव्यावरच्या इंजिनाच्या भट्टीतला विस्तव बाहेर ओढला आणि वाफ सोडली, कारण शेजारी तुमच्याच वस्तीची चाळीस माणसं भाकरी खात बसली होती. हे मला त्याच्या नातवानं कऱ्हाटीच्या रानात सांगितलं. मला ते माहीत असून मी उलटं लिहिलं. माझ्या पुस्तकात फितूर एकच आहे आणि तो सिद्धू नाही. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार नाही. म्हाकूआबांनी सिद्धूची ओवी मोडावी. बाकीची ठेवायची की नाही, ते त्यांनी ठरवावं.’

शेवटचं वाक्य काढून टाकावं असं मला तीनदा वाटलं. त्यात अजून आशा दिसते. पण ती होतीच, आणि या पत्रात आणखी काही लपवायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून राहू दिलं. एक नक्कल करून ती चालत जाऊन कुंडलिकच्या छापखान्यात दिली. त्यानं उभ्यानं वाचली. “झुंबररावांना काय सांगू?” तो म्हणाला. मी म्हणालो, “चाक गुऱ्हाळाचं आहे, तेवढं सांग.” त्यानं जुळवून ठेवलेलं मुखपृष्ठ माझ्यादेखत सोडवलं आणि टाइप खणांत टाकले, रागारागानं, एकेक, आवाज करत. ‘सत्य’मधला ‘स’ खाली पडला, तो मी उचलून दिला.

पोस्टात रजिस्टरच्या खिडकीपाशी पाळी आली. पाकिटाच्या एका कोपऱ्यातून भंडारा झिरपून पिवळा डाग पडला होता. कारकुनानं पाकीट वजनाला टाकलं, डाग पाहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

“काय तात्या, या वयात लग्नपत्रिका?”

मागं रांगेतली दोन माणसं हसली. एरवी मी पाकीट परत मागून घरी गेलो असतो.

“नाही,” मी म्हणालो. “उत्तर आहे. त्र्याण्णवच्या पत्राला.”

त्यानं तिकिटं चिकटवली, शिक्का मारला, पावती माझ्याकडं सरकवली आणि पाकीट मागं न बघता इंदापूरच्या पिशवीत टाकलं.